निरोगी गटातल्या घरतबाई

घरतबाईंनी पहिल्याच दिवशी मला खोकायला लावलं.

मी नुकती एम.एस्सी. होऊन मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रकल्पावर सहायक म्हणून लागले होते. फुप्फुसाचा क्षय झालेल्या लोकांचं रक्त गोळा करायचं, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचं आणि तिथे तपासायचं, एवढं माझं काम. घर विरारला फुलपाड्यात, म्हणून नालासोपाऱ्याचं केंद्र माझ्याकडे आलं. केंद्र म्हणजे तुळिंजच्या बाजारामागे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत औषधांची कपाटं, दुसरीत खिडकीशी एक जुना मायक्रोस्कोप आणि त्याच्यासमोर घरतबाई. बेडका तपासण्याचं काम त्या एकट्याच करत.

"नाव काय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नीला."

"खोक बघू."

मी गोंधळून घशातल्या घशात खोकले.

"हा शाळा बुडवायचा खोकला. पोटातून खोक. आधी दोन लांब श्वास घे, तिसरा धर, आन मग."

मी तसं केलं. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आता कळला फरक? हितं येतो तो मानूस थुंकी आनतो. थुंकीत काय नाय मिळत. मग आपन लिवतो, रोग नाय. तो खूश होऊन घरी जातो, आन सहा महिन्यांनी त्याला उचलून आनतात. म्हनून आधी खोकायला शिकवायचं, मग बाकी सगळं."

त्या तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असाव्यात. उंच, सडपातळ, सुती साडी, वर पांढरा कोट. त्या कोटावर गुलाबी-जांभळे डाग पडलेले, कितीही धुतले तरी न जाणारे. जंतू रंगवण्याच्या लाल रंगाने उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं कायमची रंगलेली. गाव खाडीकाठचं, घरची भातशेती. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं हेच त्यांचं घर. शिक्षण मुंबईत झालं होतं, साहेब लोकांशी बोलताना त्या अगदी छापील मराठी बोलत. पण एरवी घरची बोली तोंडात असायची आणि ती लपवावी असं त्यांना वाटत नसे.

बेडका काचेवर पसरायला त्या खराट्याच्या काड्या वापरत. केंद्राला सरकारकडून साहित्य यायचं, पण काड्या त्या घरून आणायच्या. सगळ्या एका मापाच्या, टोकं ठेचून मऊ केलेल्या. काच रंगवून स्पिरिटच्या दिव्यावर धरायच्या तेव्हा वाफेचा उग्र वास खोलीभर पसरे आणि डोळे चुरचुरत. "वाफ निघाली पायजे, उकळी नाय," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. वीज रोजच जायची. वीज गेली की त्या मायक्रोस्कोपचा दिवा बाजूला सारून खालचा छोटा आरसा उन्हाकडे वळवायच्या आणि काम चालू ठेवायच्या. एका काचेवरच्या शंभर जागा बघायचा नियम होता. रांग जिन्याखाली गेली तरी त्या शंभर म्हणजे शंभरच बघत. मी एकदा म्हटलं, "बाई, तीस-चाळीस जागांमध्येच कळतं की हो."

"दिसलं तर लिवायचं, नाय दिसलं तर नाय लिवायचं," त्या म्हणाल्या. "पन नाय लिवायच्या आधी शंभर बघायचं."

त्या रांगेबद्दल आजही नीट लिहिता येत नाही. आजार खोकल्याचा, पण मला आठवतो तो थकवा. माणसं जिना चढून यायची आणि बाकावर बसून नुसती समोर बघत राहायची. नाव विचारलं तरी उत्तर यायला वेळ लागायचा. शिंपीकाम करणारे, नकली दागिन्यांना मुलामा देणारे, घरकाम करणाऱ्या बायका, कधी भुईगावकडचा एखादा वाडीवाला म्हातारा. दुपारपर्यंत त्यांच्याकडे बघून बघून आपलेही खांदे दुखायला लागत. बाईंचा एक दंडक होता. दमलेल्या माणसाला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि मग थांबायचं. पहिला प्रश्न कधीच नावाचा नसे. "घरात कोन कोन झोपतं?" हा असे. मला वाटायचं हा काय प्रश्न. नंतर कळलं की त्या एका प्रश्नात घरातली माणसं, खोलीचा आकार, खिडकी आहे की नाही आणि उद्या अजून कोणाला बोलवायचं, हे सगळं त्यांना मिळत असे.

आमचा प्रकल्प काय आहे हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी माझ्या परीने सांगितलं. क्षयाचा जंतू आत शिरला की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. ऑक्सिजनची काही जाळणारी रूपं असतात, ती त्या जंतूवर सोडतात. जंतू मरतो, पण आजूबाजूचं फुप्फुसही त्यात भाजून निघतं. सूज येते, सुजेमागे आणखी पेशी धावून येतात, आणखी जाळपोळ होते. ही जाळपोळ आवरणारी द्रव्यं रक्तात असतात, क जीवनसत्त्वासारखी. पण रोग्याच्या रक्तात ती संपत आलेली असतात. आम्ही काय मोजतो, तर जळलेल्या चरबीचे रक्तात आलेले तुकडे. ठरावीक रसायन घालून नळी उकळली की गुलाबी रंग येतो. जितका गडद गुलाबी, तितकी आत जास्त आग.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हनजे राब भाजताना वारा फिरतो, तसं."

मी मुंबईत वाढलेली. राब म्हणजे काय ते मला त्यांनी समजावलं. पावसाच्या आधी, भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो जाळतात, म्हणजे तण आणि किडे मरतात. "आग आपनच लावतो, चांगल्यासाठीच लावतो. पन वारा फिरला ना, तर तीच बांध ओलांडून पेंढ्याच्या उडवीला लागते."

दुसऱ्या दिवसापासून रक्त द्यायला कां कूं करणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगू लागल्या. मुंबईहून डॉक्टर आठल्ये, म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, एकदा केंद्रावर आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि परत जाताना मला म्हणाले, "मी एवढी वर्षं शिकवतोय, मला हे सुचलं नाही."

बर्फाची व्यवस्थाही बाईंचीच. बाजारातली एक कोळीण त्यांच्या ओळखीची होती. तिच्या टोपलीतला बर्फ रोज आमच्या थर्मासमध्ये जायचा. पावसाळा संपल्यावर एकदा प्रयोगशाळेत डॉक्टरांनी थर्मास उघडला आणि मागे सरकले. "नीला, यात बोंबील आहेत का?" मी बाईंना सांगितलं तर त्या हसता हसता खोकायला लागल्या आणि बराच वेळ खोकत राहिल्या. मी पाणी दिलं. "रंगाची वाफ," त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांची वाफ आत बसलीय." मला ते पटलं. माझाही घसा त्या वाफेने बसायचाच.

त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुळिंजलाच शालन नावाची एक विवाहित मुलगी होती, माहेर साताऱ्याकडचं, वय बावीस-तेवीस. दोन महिने गोळ्या घेतल्यावर तिला बरं वाटलं आणि ती यायची थांबली. औषध अर्धवट सोडलं की रोग उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही. कोणीतरी तिच्या घरी जायला हवं होतं, पण चाळीत क्षयाच्या केंद्रातली बाई आलेली दिसली असती तर शालनला सासरी राहणं मुश्कील झालं असतं. बाईंनी काय करावं? दुसऱ्या दिवशी त्या गावाहून निघताना टोपलीभर तोंडली आणि वालाच्या शेंगा घेऊन आल्या. कोट केंद्रावर ठेवला, पदर खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि चाळीत शिरल्या. मी मागे थोड्या अंतरावर. "तोंडली घ्या गो, शेंगा घ्या!" आवाज असा की मीही ओळखला नसता.

अडचण अशी झाली की चाळीतल्या बायका खरंच भाजी घ्यायला बाहेर आल्या. कोणी शेंगा मोडून बघतंय, कोणी तोंडली जून आहेत म्हणून नाक मुरडतंय. शालनच्या दारापर्यंत पोचेपर्यंत टोपली रिकामी झाली आणि बाईंकडे दार वाजवायला कारणच उरलं नाही. मग त्यांनी उंबऱ्यात बसून प्यायला पाणी मागितलं. शालनने तांब्या आणला, बाईंना ओळखलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"पानी दे," बाई हळूच म्हणाल्या, "आन तूपन घे. ह्या गोळ्या माझ्यासमोर."

तिने घेतल्या. बाई आठवड्यातून तीनदा तशाच जात राहिल्या, हंगाम बदलेल तशी भाजी बदलून. शेवटी शालननेच नवऱ्याला सांगितलं आणि तो तिला घेऊन केंद्रावर येऊ लागला. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी तिने विचारलं, "बाई, घरी सांगायची एवढी भीती का वाटत होती मला?" बाई म्हणाल्या, "भीती वाटते ती वाटू दे. पन लपवायचं नाय. तू लपवतेस तेवढे दिवस तुझ्या शेजारी झोपनारं मानूस तोच श्वास घेतं."

आमच्या प्रकल्पाला रोग्यांइतकीच निरोगी माणसं हवी होती, तुलनेसाठी. रोगी रक्त देत, कारण ते येऊन जाऊन आमच्याच हातात होते. निरोगी माणूस कशाला देईल? बाईंनीच माणसं जमवली. खालच्या दवाखान्यातला शिपाई, समोरचा औषधवाला, भुईगावचा एक पाववाला, त्यांचा स्वतःचा भाऊ. तरी एक कमी पडत होता. बाईंनी बाही वर केली. "माझं घे. मी काय आजारी हाय?"

मी घेतलं. नळीवरचं लेबल त्यांनीच लिहून चिकटवलं. नावं नसत, फक्त आकडे. निरोगी गटाचे आकडे वेगळ्या वहीत.

त्या आठवड्यात उकळत्या पाण्यातून नळ्यांचा स्टँड बाहेर काढला तेव्हा निरोगी गटातल्या सगळ्या नळ्या फिक्या होत्या, आणि एक गडद गुलाबी. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. उरलेल्या रक्तद्रवावर पुन्हा केलं. पुन्हा तोच रंग. क जीवनसत्त्वाचं मोजमापही तळाला गेलेलं. मी वही काढून आकडा पाहिला. तो बाईंचा होता.

डॉक्टर आठल्ये दिवसभराच्या ओपीडीने थकलेले होते. "एखादा असा निघतोच," ते म्हणाले. "मिशेरी लावत असतील, त्यानेही वाढतं. ह्या तपासणीवरून कुठल्या एका आजाराचं नाव घेता येत नाही, तुला माहीत आहे. विचारून ये. लावत असतील तर त्यांचं सॅम्पल काढून टाकू आणि दुसरं कोणाचं तरी घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेले. बाई काड्या ठेचत बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही मिशेरी लावता का?"

"नाय. का गो?"

मी सांगितलं. सांगताना स्वतःच सारवासारव करत होते. लेबल बदललं असेल, थर्मासमध्ये नळ्या हलल्या असतील, नाहीतरी ही तपासणी फार ढोबळ असते.

बाईंचा हात थांबला. "लेबल मी लावलंय," त्या म्हणाल्या. "ते चुकलेलं नाय."

मग त्या उठल्या, कपाटातली बेडक्याची एक डबी घेतली आणि गच्चीवर गेल्या. त्यांचा खोकला खाली ऐकू येत होता. पोटातून आलेला, लांब. रंगाच्या वाफेचा नव्हे, हे मला तेव्हा कळलं. कळायला हवं होतं ते आधीच. त्यांचा कोट खांद्यावर लोंबत होता. दोन महिन्यांपासून त्या डबा अर्धा टाकत होत्या. मी रोज समोर बसून हे पाहत होते.

खाली येऊन त्यांनी स्वतःच काच केली, रंगवली, धुतली, वाळवली. सगळं नेहमीच्याच वेगाने. मग ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि स्टुलावरून उठल्या.

"तू वाच."

"मी?"

"माझी काच मी नाय वाचनार. तू शिकलीयस. बस."

त्या खिडकीशी पाठ करून उभ्या राहिल्या. मी डोळा लावला. निळ्या पार्श्वभूमीवर पहिल्याच जागेत दोन लाल काड्या दिसल्या. दुसऱ्या जागेत काही नाही. तिसरीत एक, किंचित वाकलेली. मी पुढे सरकवत राहिले. मला कधी नव्हे ते वाटलं की शंभर जागा संपूच नयेत. रांगेतलं एक लहान मूल रडत होतं, त्याची आई त्याला उगी करत होती.

"किती?" बाईंनी विचारलं.

मी डोळा तसाच लावून ठेवला.

"नीला, दिसतंय का?"

"हो."

"मग लिव."

मी रजिस्टर पुढे ओढलं. दुसऱ्यांची कितीतरी नावं मी त्यात लिहिली होती. वनिता घरत हे त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. नावापुढे जंतू बरेच असल्याची दोन अधिकचिन्हं केली. बाईंनी येऊन वाकून पाहिलं, अक्षर नीट आहे की नाही ते बघावं तसं, आणि म्हणाल्या, "ठीक हाय. आता पुढच्याला बोलव."

त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. तोंडाला रुमाल बांधून खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेल्या, छातीचा फोटो काढून आल्या. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती. बाकावर रांगेच्या शेवटी बसून त्यांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि पाकिटात घातला. मी शेजारी बसायला गेले तर हाताने लांब सारलं. मग म्हणाल्या, "मना ठाऊक होतं. पावसाळा संपला तेव्हापासून. संध्याकाळी अंग तापायचं."

"मग बाई, का..."

"घरी मयुरी हाय ना." मयुरी म्हणजे भावाची धाकटी, चार वर्षांची. "ती माझ्याजवळ झोपते. सांगितलं असतं तर नेली असती. म्हटलं, वाफच असेल. रोज म्हटलं."

त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. भाऊ ठीक, भावजय ठीक, थोरला मुलगा ठीक. मयुरीच्या मानेत गाठी होत्या, हातावर क्षयाच्या चाचणीसाठी टोचलेल्या जागी मोठी सूज आली आणि फोटोतही सावली दिसली.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ते तेव्हा, मयुरीची औषधं घेऊन. भावजय मला वाटलं आरडाओरडा करील. तिने चहा दिला. बाई पडवीत वेगळ्या खाटेवर होत्या. मी तिथे असतानाच भावजय आली, बाईंच्या जुन्या अंथरुणातून मयुरीची छोटी गोधडी काढली, झटकली आणि घडी घालून आत घेऊन गेली. बाई बघत होत्या. ती आत गेल्यावर म्हणाल्या, "बरोबर केलं तिने." आणि मग, "आठ आठवडे. मी मोजलेत. रोग्यांना मी काय काय सांगते, तुला ठाऊक हाय. माझ्याच घरात आठ आठवडे."

जन्मभर ज्या गोष्टीसाठी लोकांना रागावल्या, तीच त्यांनी केली होती, आणि किंमत एका चार वर्षांच्या मुलीने मोजली होती. समजूत घालावी असं त्यात काही नव्हतं, आणि त्यांना ती नकोही होती.

गोळ्या त्या केंद्रावर येऊनच घेत, रांगेत उभ्या राहून, माझ्यासमोर. घरी नेऊन घेतल्या असत्या तरी त्यांच्यावर कोणी शंका घेतली नसती. पण त्या म्हणाल्या, सगळ्यांना जो नियम, तोच मला. एकदा शालन तिच्या शेवटच्या तपासणीला आली होती. तोंडाला रुमाल बांधलेल्या बाईंना बाकावर पाहून ती आधी हसली, मग तिला उलगडा झाला.

"बाई, तुम्हाला?"

"हो."

"तुम्ही लगेच औषध सुरू केलं असेल ना? तुम्हाला तर सगळं माहीत."

बाक भरलेला होता. सगळे ऐकत होते. बाईंना नुसती मान हलवता आली असती.

"नाय," त्या म्हणाल्या. "लपवलं. दोन महिने. माझ्या भावाच्या पोरीला झाला."

शालन त्यांच्याजवळ बसली. बाईंनी तिलाही हाताने लांब सारलं, पण ती हलली नाही. त्यानंतर बाकाच्या टोकाला बसलेला एक मध्यमवयीन माणूस उठून माझ्याकडे आला. गेले तीन आठवडे तो एकटाच यायचा. खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या बायकोला आणि पोरांना आणलं तर तपासाल का?"

दोन महिन्यांनी बाईंचा बेडका साफ झाला. मी दोनशे जागा पाहिल्या, एकही लाल काडी नाही. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या, दिवा पेटवला. नियमाप्रमाणे त्यांचं रक्त घेतलं, आता रोग्यांच्या गटात. रंग उतरला होता, पण फिका झाला नव्हता. सहा महिन्यांनी औषध संपलं तेव्हाही नळी इतर निरोगी नळ्यांच्या शेजारी ठेवली की वेगळी दिसायची. डॉक्टर आठल्ये स्वतः आले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की जंतू गेले आहेत, रोग बरा झाला आहे, पण सूज आणि जळणं जंतूंबरोबर लगेच थांबत नाही. जेवढं फुप्फुस भाजलं गेलं तिथे व्रण राहील. तो भाग पुन्हा श्वास घेणार नाही.

"म्हणजे मी बरी," बाई छापील मराठीत म्हणाल्या.

"बऱ्या. पण दम लागेल."

"मयुरीला?"

"तिचं लवकर कळलं. लहान मुलं भरून काढतात. तिला काही राहणार नाही."

बाईंनी हातातला रुमाल उलगडून पुन्हा घडी घातली. "मग झालं," त्या म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

प्रकल्प संपला. मी मुंबईत दुसरीकडे नोकरीला लागले. लग्न झालं, फुलपाडा सुटला. बाईंनी काही वर्षांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतल्याचं कळलं. केंद्राचा जिना चढवेना, म्हणून.

प्रकल्प संपल्यावर दहा-एक वर्षांनी, दोन हजार सहा-सातच्या सुमारास, मी त्यांच्या गावी गेले. दुपारी त्यांनी स्वतः रांधून जेवायला वाढलं. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबत, पण ओळख नसलेल्याला ते विचार करणं वाटावं. भावजयही जेवायला आमच्यात बसली, हसली, बोलली. पाच वाजता मी निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, एसटीच्या थांब्यापर्यंत येते.

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. दहा मिनिटांचा रस्ता होता. थोडं चालल्यावर त्या एका कुंपणाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही जागा आमच्या चुलत्यांची, आता बिल्डरने घेतली." मग पुढच्या वळणावर थांबून विहीर दाखवली, ती गेल्या साली बुजवली होती. मग एक चिंच. मग खाडीकडे जाणारी वाट, जिथे आता मातीचे भराव पडत होते. मी प्रत्येक गोष्ट नीट बघत होते, विचारत होते, आणि चौथ्या की पाचव्या थांब्याला माझ्या ध्यानात आलं की दाखवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. त्या दम खात होत्या. मला ते कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून मीच मग एका ओसाड भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हे कोणाचं?" त्यांनी कोणाचं तरी नाव सांगितलं. आम्ही दोघी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिलो.

थांब्यावर पोचलो तोच मागून धावत येणारी पावलं वाजली. मी छत्री विसरले होते, ती घेऊन मयुरी आली होती. शाळेच्या गणवेशातली, उंच, केसांच्या दोन वेण्या. घरापासून धावत आलेली, आणि श्वाससुद्धा फुललेला नव्हता.

"घ्या काकू," ती म्हणाली.

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि तळहात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, सपाट टेकवला. बोलणं थांबवलं. डोळे अर्धे मिटले. मयुरी ओशाळून माझ्याकडे बघून हसली.

"आत्या, सोड ना. मी बरी आहे. रोज रोज काय बघतेस?"

एसटी आली, मी चढले, मागच्या सीटवर जाऊन काचेतून पाहिलं. मयुरी आता गप्प उभी होती, सवयीने. बाईंची मान किंचित कलती होती आणि हात अजून तिच्या पाठीवरच होता.